सत्यशीलाचं पुठ्ठ्याचं मशीन

आमच्या कचेरीत संगणक आला त्या दिवशी त्याला हळदकुंकू मीच वाहिलं. बायकांत मी सगळ्यात जुनी, टाइपरायटरवर पंधरा वर्षं काढलेली, म्हणून साहेबांनी नारळही माझ्याच हातात दिला. १९९४ सालचा फेब्रुवारी होता. परभणीत ऊन तापायला लागलं होतं, पण त्या खोलीला जाड पडदे लावले होते आणि चपला बाहेर काढून आत जायचं होतं. देवळात जातात तसं.

शिकवायला नांदेडहून आश्रुबा सर आले होते. पन्नाशीचे, तोंडात सुपारी, बोलायला मोकळे. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. समोरच्या बटणांवर सगळी इंग्रजी अक्षरं. मी म्हणाले, "सर, ह्याच्यात मराठी कुठं हाय?"

"हाय की. दडून बसलीय." त्यांनी दोन बटणं दाबली आणि पडद्याच्या खालच्या अंगाला एक चित्र आलं. टाइपरायटरच्या बटणांचं चित्र. चौकोनाला चौकोन लागून, ओळीखाली ओळ, आणि प्रत्येकात एक मराठी अक्षर. "आता हा माऊस धरा. गणपतीचं वाहन हाय, चावत न्हाई. त्यो बाण ज्या अक्षरावर न्याल आन टिचकी माराल, ते अक्षर वर उमटतंय. बटणाला बोट लावायचं काम न्हाई. नुसत्या चित्रावर टायपिंग!"

बाकीच्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही. नुसत्या चित्रावर टायपिंग करणारी एक मुलगी मी सोळा वर्षांपूर्वी पाहिली होती, आणि ते चित्र तिला मीच काढून दिलं होतं.

सरावासाठी साहेबांनी एक यादी दिली. पाथरी तालुक्यातल्या बालवाडीच्या बायकांची. मी एकेक अक्षर टिपत चालले. सतरावं नाव आलं, सत्यशीला नागनाथ. पुढं शिक्षण, दहावी, मराठी टायपिंग तीस, सन १९८६. चित्रावर टायपिंग करणाऱ्या आमच्या सत्यशीलाचं लग्न पाथरीकडच्या नागनाथ नावाच्या मुलाशी झाल्याचं माझ्या कानावर होतं. दुसरी कोण असणार?

नागनाथमधला 'ग' शोधायला बाण खालच्या ओळीत नेला. 'ग'च्या शेजारी 'ब' होता. दोघं आपापल्या जागी. मी तशीच बघत राहिले. आश्रुबा सर म्हणाले, "काय मॅडम, अक्षर सापडंना का?"

सापडलं होतं. त्या दोन अक्षरांपायी मी काय केलं तेच इथं लिहिते आहे.

*

आमचं गाव चुडावा स्टेशनापासून दोन-अडीच मैलांवर. सत्यशीला आणि मी पहिलीपासून एका वर्गात. तिचे वडील तात्याराव रेल्वेत गँगमन, रूळ ठोकायचं काम. आई चांगुणाबाई, तिला मी मावशी म्हणायची. ती माणसं बौद्ध, घर गावाच्या खालच्या अंगाला. मी वरच्या आळीची, जमीनजुमल्याच्या घरची. शाळेत हे अंतर जाणवत नव्हतं असं मी पुष्कळ दिवस म्हणत आले. मला जाणवत नव्हतं, एवढंच खरं. तिला जाणवत असेल.

उंच, काटकुळी पोरगी. तिची बोटं कधी गप्प नसायची. बाकावर, पाटीवर, स्वतःच्या गुडघ्यावर, सारखी वाजत. गुरुजी म्हणायचे, "तात्याराव, ही पोरगी तमाशात ढोलकीला घाला." तात्याराव हसून म्हणायचे, "न्हाई गुरुजी, मशीनवर घालतो." त्यांनी कचेरीत टायपिस्ट बाई पाहिली होती, पंख्याखाली बसलेली. तेव्हापासून ते त्यांच्या डोक्यात होतं.

दहावी झाल्यावर, १९७८ च्या जूनमध्ये, आम्ही दोघींनी पूर्णेला टायपिंगचा क्लास लावला. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, दुपारच्या गाडीनं यायचं. बन्सीधर सरांच्या क्लासात सहा मशीनं. प्रत्येकीला एक ठरलेलं, मला दोन नंबरचं, सत्यशीलाला एक नंबरचं. सर पाठीमागून फिरायचे आणि कुणाची मान खाली गेली की हनुवटीला पट्टी लावायचे. "मान वर. डोळे कागदावर. बटणाकडं जी बघंल ती जन्मभर बघतच राहील." आधी मधली ओळ, मग वरची, सगळ्यात शेवटी खालची. सत्यशीला दीड महिन्यात मधली आणि वरची ओळ संपवून बसली. डिसेंबरच्या परीक्षेचे फॉर्म सरांनी आमच्या दोघींचे बरोबरच भरले. तात्यारावांना त्यांच्या साहेबानं सांगितलं होतं, मार्चच्या आत हिनं टायपिंगचं सर्टिफिकेट दाखवलं तर एका कचेरीत राखीव जागा भरायची आहे, तिथं नाव लागेल. त्या घराचं सगळं लक्ष त्या एका परीक्षेकडं लागलेलं.

जुलैच्या शेवटी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, आणि आठ दिवसांत मराठवाड्याचं तोंडच फिरलं. कुठून कुठून बातम्या यायच्या, घरं जाळल्याच्या, माणसं मारल्याच्या. आमच्या गावात घर जळालं नाही. ह्याचं गावाला लय कौतुक होतं, आजही आहे. पण चावडीवर बैठक बसली आणि ठरलं, खालच्या अंगाला कुणी जायचं नाही, त्यांना कामाला बोलवायचं नाही, गिरणीवर त्यांचं दळण घ्यायचं नाही. ठरवणाऱ्यांत माझा थोरला भाऊ भुजंग होता. बैठकीहून तो आला तेव्हा मी त्याला तव्यावरची गरम भाकरी वाढली. काही विचारलं नाही.

सत्यशीलाचं येणं बंद झालं. चांगुणामावशीनं तिला गाडीत बसू दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. स्टेशनाची वाट आमच्या आळीच्या शेतांतून जायची.

ऑगस्टात एके दुपारी मी गाडीतून उतरून रुळाच्या कडेनं गावाकडं येत होते. ती वडिलांची भाकरी घेऊन रुळाखालच्या लाकडी स्लीपरांच्या ढिगावर बसलेली. मला बघून उठली, पण जवळ आली नाही. इकडंतिकडं बघून घेतलं.

"गीते, माजा फॉर्म सरांनी मागं तर घेतला न्हाई ना?"

"न्हाई."

"मग मी बसणार परीक्षेला."

"कशी बसणार? खालची ओळ तू शिकलीच न्हाईस. घरी मशीन हाय का तुज्या?"

"तू काढून दे की." तिनं हातानं चौकोन दाखवला. "पुठ्ठ्यावर. बटणाएवढं बटण आन अंतराएवढं अंतर. चित्रकलेत तुला दहात दहा असायचे न्हवं?"

"आन आवाज कोण काढंल?"

"त्यो मी तोंडानं काढते. टकटकटकटक, टिंग!" हसताना ती पूर्वीचीच दिसली.

ते काम मी मनापासून केलं, हे मी कुणाही देवापुढं सांगेन. क्लासात भिंतीवर तक्ता होता, पण तो उंचावर, फिका झालेला, आणि त्याचं माप खरं नव्हतं. मला खरं माप पाहिजे होतं. एक-दोन नंबरच्या बटणांवरची अक्षरं झिजून पुसली होती. खिडकीशेजारचं चार नंबरचं मशीन त्या दिवशी रिकामं होतं. त्याच्यासमोर बसून मी दोऱ्यानं बटणांचं अंतर मोजलं, प्रत्येक बटणावरचं अक्षर कागदावर उतरवून घेतलं. माझी स्वतःची खालची ओळ तेव्हा सुरूही झाली नव्हती. घरी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा होता. त्यावर शाईनं एकेक चौकोन आखला. माळ्यावर बसून काढलं, भुजंगदादाला दिसू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी रुळाच्या कडेला तिच्या हातात दिलं. तिनं तो पुठ्ठा छातीशी धरला आणि म्हणाली, "माजं मशीन!"

त्यानंतर गुरुवारी-गुरुवारी मी तिला भेटायची. क्लासातले उतारे द्यायची. मी उतारा वाचायची आणि ती मांडीवर पुठ्ठा घेऊन, मान वर, डोळे दूर सिग्नलकडं लावून, बोटं चालवायची. काही उमटत नव्हतं, आवाज नव्हता, पण बघणाराला कळत होतं की पोरगी लिहायलीय. सप्टेंबर संपता संपता असं झालं, की मी वाचायला मागं पडायची आणि तिची बोटं थांबून माझी वाट बघायची. "वाच की गं लवकर," ती म्हणायची, "ह्येला काय टायपिंग म्हनतेत व्हय?"

मी खऱ्या मशीनवर तेव्हा मिनिटाला बावीस शब्दांवर अडकले होते. सर मला रोज बोलायचे. आणि ही पुठ्ठ्यावर माझ्या पुढं. हसून मी उतारा घडी करायची, पण घरी येईपर्यंत ते माझ्या मनात टोचत राहायचं.

*

क्लासात खंडेनवमीला मशीनांची पूजा असायची. शेतकरी औतांची करतो, सुतार करवतीची करतो, तशी आम्ही टाइपरायटरांची. सगळी मशीनं पुसून ओळीनं मांडली, झेंडूच्या माळा घातल्या. मी हळदकुंकवाचं ताट घेऊन एकापासून सुरुवात केली. चार नंबरशी आले तेव्हा सर पाठीमागून म्हणाले, "तिला जरा जास्त कुंकू लाव गीता. येडी हाय ती. टोप्या उलट्या घालून बसलीय."

"म्हंजे सर?"

"अगं, मागच्या साली मिस्त्रीनं साफ करताना दोन बटणांच्या टोप्या काढल्या आन बसवताना अदलाबदल केली. ब च्या जागी ग, ग च्या जागी ब. आपलं काय अडतंय? आपण थोडंच बटणाकडं बघून मारतो! जिला हे मशीन देतो तिला आधीच सांगतो, टोप्या बघू नको, बोट बघ."

सगळे हसले. मला ते मशीन कधी मिळालंच नव्हतं, म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं बोट कुंकवानं माखलेलं होतं. ते त्या दोन बटणांवर येऊन थांबलं. पुठ्ठ्यावर मी बघून बघूनच उतरवलं होतं. ती खालची ओळ सत्यशीला फक्त त्या पुठ्ठ्यावरून शिकली होती. दोन महिने रोज ती डाव्या हाताची दोन बोटं चुकीच्या जागी पक्की करत होती, आणि पक्की करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

परीक्षेला अजून दोन महिने होते. नुसतं जाऊन सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पानं घेऊन मी मारुतीच्या देवळात गेले, मग वरच्या आळीतली वीस-बावीस घरं फिरले. थोरामोठ्यांच्या पाया पडले, भांडलेल्या चुलत्याच्या घरीसुद्धा जाऊन सोनं दिलं. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. खालच्या अंगाला त्या दिवशी त्यांचा धम्मचक्राचा दिवस असतो. निळे झेंडे दिसत होते. मी देवळाच्या पारावर उभी राहून बघितलं आणि घरी आले. भुजंगदादाची बंदी आहे, मी मनाला सांगितलं. गुरुवारी भेटेल तेव्हा सांगू.

गुरुवारी मी रुळाच्या कडेनं गेले नाही. बैलगाडीच्या रस्त्यानं, लांबून, वळसा घालून गेले. ज्वारी तेव्हा कमरेएवढी होती. तिच्यावरून मला स्लीपरांचा ढीग दिसत होता आणि त्यावर बसलेली ती. मांडीवर पुठ्ठा. मान स्टेशनाकडं.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच. मग तो माझा रस्ताच झाला.

मी रोज देवाला दिवा लावत होते. आमचं कुलदैवत पोखर्णीचा नरसिंह. त्याला मी सांगायची, देवा, भाऊ फार कडक आहे. देवाला ते खरं वाटलं असेल असं मला नाही वाटत. भाऊ कडक होताच. पण भाऊ तर ऑगस्टातही कडक होता, तेव्हा मी माळ्यावर लपून चित्र काढलं होतंच की. खरं कारण हे होतं, की तिची बोटं माझ्यापेक्षा पुढं गेलेली मला सोसली नव्हती. तिची जागा वेगळी, माझी वेगळी, ती पास झाल्यानं माझं काडीचं नुकसान नव्हतं. तरी मी गप्प बसले. हे लिहायला मला सोळा वर्षं लागली.

परीक्षा परभणीच्या एका शाळेत होती. तात्याराव रजा काढून तिला घेऊन आले होते, धुतलेला पांढरा सदरा घालून फाटकापाशी उभे. ती माझ्यापासून दोन टेबलं पलीकडं बसली. मला बघून हसली, रागाचं नाव नाही. मशीन तपासायला दोन मिनिटं मिळाली. चार महिन्यांनी तिचा हात लोखंडाला लागत होता. तिनं मधली ओळ एकदा मारून बघितली, टकटकटकटक, आणि तो आवाज ऐकून तिचा चेहरा असा उजळला की मी मान फिरवली. तेव्हासुद्धा वेळ होती. "शीले, ब आणि ग बघून घे," एवढंच. पाच-सहा शब्द. माझं तोंड उघडलं नाही.

मग सात मिनिटं वेगाचा उतारा. तिचं मशीन पावसासारखं वाजत होतं. तिनं एकदाही मान खाली घातली नाही. सरांचं ऐकणारी तीच एक खरी.

बाहेर आल्यावर ती व्हरांड्यात खांबाला टेकून उभी होती. दोन्ही हात पुढं धरलेले, जणू ते दुसऱ्याचे आहेत.

"गीते, सगळे ब, ग झालेत. आन सगळे ग, ब. कागद काढताना बघितलं. पानभर." थांबून म्हणाली, "पुठ्ठ्यावर उलटे होते का गं?"

"मला... मी घाईघाईत..."

"घाईत झालं असंल," तिनंच माझं वाक्य पुरं केलं. "त्या दिसांत तू काढून दिलंस हेच लय झालं. दुसऱ्या कुणी दिलं असतं?"

फाटकापाशी तात्याराव विचारत होते, "कसं गेलं बाळ?" ती म्हणाली, "बोटं चुकली, दादा."

निकाल लागला. मी पास, ती नापास. मी पोखर्णीला जाऊन नारळ फोडला. नारळ चांगला निघाला, पांढराशुभ्र. नासका निघाला असता तर मला बरं वाटलं असतं. मार्च गेला, ती जागा दुसऱ्या कुणाची झाली. त्या उन्हाळ्यात तात्यारावांनी बदली मागून घेतली आणि ते घर गावातून उठलं. जाताना मी त्यांना भेटले नाही. पुढच्या साली मला परभणीच्या कचेरीत नोकरी लागली. पंख्याखाली.

*

यादीतल्या नावाशेजारी गावाचंही नाव होतं. मी रविवारी पाथरीची एसटी धरली, तिथून जीप. बालवाडीच्या बाई कुठं राहतात म्हणून विचारलं, तर एका म्हातारीनं हात केला, "आता घरी न्हाईत. समाजमंदिरात. पोरींला पेटी शिकवायल्यात." मी म्हटलं, पेटी?

समाजमंदिराच्या दारात चपला होत्या. मी वाकून पाहिलं. भिंतीला बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताज्या फुलांचा हार. सतरंजीवर सात-आठ मुली दोन ओळींत बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर एक पुठ्ठा. मान वर, डोळे समोरच्या फळ्यावर. बोटांचा नुसता टपटप आवाज, पानांवर बारीक पाऊस पडावा तसा. कोपऱ्यात टेबलावर एक जुनं खरं मशीन, त्याच्यावर एक मुलगी, आणि तिच्या पाठीमागं हातात पट्टी घेतलेली उंच बाई. केस कानाशी पिकलेले. तिनं मला बघितलं, चष्मा कपाळावर सारला.

"गीते?"

मी उंबऱ्याशीच थांबले.

"अगं, दारात काय उभी? ये की आत." मुलींना म्हणाली, "थांबायचं न्हाई, तुमचं चालू द्या." मला हाताला धरून बाकावर बसवलं आणि नीट न्याहाळलं. "लय जाड झालीस गं. सरकारी पगार अंगी लागलाय."

एका मुलीनं चहा आणला. सत्यशीला बोलत राहिली, आपलं सगळं सांगत. नागनाथराव एसटीत कंडक्टर, स्वभावानं गरीब, दोन मुलं. लग्न झालं, पुन्हा परीक्षेला बसायला सात-आठ वर्षं गेली, मुलं, सासू, हे ते. शेवटी १९८६ ला पास झाली. पण तोवर नोकरीसाठी कुणी दारात उभं करेना, म्हणून बालवाडी धरली. "हे मशीन नागनाथरावांनी औरंगाबादहून भंगारातनं आणलं. एक मशीन आन आठ पोरी. मग म्हनलं, मी शिकले तशा ह्याबी शिकतील. पुठ्ठ्यावर बोटं बसवायची, रविवारी पाळीपाळीनं लोखंडावर. आतापतुर अकरा पास झाल्या. दोघी नोकरीला हायत." तिच्या आवाजात एवढा आनंद होता की मला वाटलं, गप्प उठून जावं. आता सांगून काय मिळणार? सोळा वर्षं हेच तर करत आले होते मी.

"शीले," मी म्हणाले, "मला म्हाईत होतं."

"काय?"

"पुठ्ठ्यावर ब आन ग उलटे हायत ते. परीक्षेच्या आधीच मला कळलं होतं."

तिनं कप खाली ठेवला. "आधी म्हंजे कवा?"

"खंडेनवमीला. पूजा करताना सरांनी सांगितलं."

"खंडेनवमी." तिनं बोटांवर महिने मोजले. मुलींची बोटं टपटपत होती. "म्हंजे दोन महिने. गीते, दोन बोटं फिरवायला मला चार दिस लागले असते."

"व्हय."

"मी लय गुरुवार बसले तिथं. मला वाटायचं, भावाला भिऊन तू यायची बंद झालीस. आई म्हनायची, त्या पोरीची वाट बघू नको, आपल्यापायी मार खाईल बिचारी." तिनं माझ्याकडं पाहिलं. "मी तुजी कीव करायची गं. इतकी वर्षं."

"भावाचं भ्या होतं, पण ते कारण न्हाई. तू माज्या पुढं गेली होतीस. मला बघवलं न्हाई. शीले, मला माफ—"

"थांब. ते आता नको."

ती उठली. भिंतीवर खिळ्याला अडकवलेला एक जुना पुठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला. साडीच्या खोक्याचा. कडा झिजून मऊ झालेल्या, शाई तांबूस पडलेली, पण चौकोन माझ्या हातचे. खालच्या ओळीत दोन चौकोनांवर कागदाचे तुकडे चिकटवलेले होते. एकावर 'ग', दुसऱ्यावर 'ब', तिच्या अक्षरात.

"नवी पोरगी आली की आधी हे हातात देते," ती म्हणाली. "सांगते, माज्या मैत्रिणीनं गावाची बंदी मोडून, लपून हे काढून दिलं. घाईत दोन अक्षरं चुकली. चूक झाली तर चिकटवून दुरुस्त करायची, माणसाला धरून ठेवायचं. आठ साल हेच सांगायलेय. प्रत्येक पोरीला. आता काय सांगू?"

"खरं ते सांग."

"मी कशाला सांगू? माजं तोंड लावायचं काय काम?" तिनं पुठ्ठा माझ्या मांडीवरून उचलला आणि परत खिळ्याला लावला, वाकडा झाला तो सरळ केला. "पुढच्या रविवारी दोन पोरी नव्या यायल्यात. साडेचारला. तू ये आन तू सांग."

तेवढं बोलून ती मशीनवरच्या मुलीकडं गेली. "मान वर गं," तिला म्हणाली. मी थोडा वेळ बसले, मग उठून आले. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

तो आठवडा मी कचेरीत संगणकावर याद्या टिपत काढला. शनिवारी देवापुढं बसले, पण काही मागितलं नाही. ह्यात देवाकडं मागण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी साडेचारला मी गेले. नव्या दोघी पुढं बसल्या होत्या, नव्या वह्या, नवी पेनं घेऊन. सत्यशीलानं पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः मागं, शेवटच्या ओळीत, मुलींत जाऊन बसली. मी सगळं सांगितलं. रूळ, पुठ्ठा, कुंकवाचं बोट, ज्वारीतून घातलेला वळसा, परीक्षेतली ती दोन मिनिटं. सांगताना माझा आवाज दोनदा बसला. कुणी पाणी दिलं नाही, आणि ते बरोबर होतं.

पुढं बसलेल्या एकीनं विचारलं, "मग मॅडम, तुमी पास झाल्या का?"

"झाले."

"आन बाई?"

"बाई आठ वर्षांनी."

ती माझ्याकडं बघत राहिली. पोरांच्या नजरेत दया नसते. मग मागं वळून म्हणाली, "बाई, मग हे चित्र भिंतीवरनं काढून टाकायचं का?"

सत्यशीला उठली. पुढं येऊन तिनं माझ्या हातातून पुठ्ठा घेतला. "कशापायी? अक्षरं बरोबर हायत की आता. राहू दे." आणि मला म्हणाली, "आलीच हायस तर उतारा वाच पोरींना. हळू वाचू नको, तुजी ती सवय हाय."

मी वाचला. मला दम लागला तरी मुलींची बोटं थांबली नाहीत. निघताना तिनं माफीचं काही काढलं नाही. शेवटची जीप साडेसहाला सुटते, एवढं सांगितलं. मीही पुन्हा विचारलं नाही.

आता रविवारी-रविवारी मी जाते. मुलींना सांगून ठेवलंय, मी वाचताना मागं पडले तर थांबायचं नाही. उताऱ्यात 'ब' आला की माझं वाचन क्षणभर अडखळतं आणि नजर त्यांच्या डाव्या हातांकडं जाते. एकेक बोट बघून घेते. मगच पुढचा शब्द वाचते.